बांधावरच्या गप्पा : भरतीला जायचे ते खरे सांगून



या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक खताची, किडीची आणि विहिरीच्या पाण्याची असतात. या खेपेला एक पत्र वेगळे आले. लिहिणाऱ्या बाईंनी नाव-गाव छापू नका असे कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात, “आमचा धाकटा फौजेत जायचे म्हणून दोन वर्षे पहाटे धावतो आहे. आता एक ओळखीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, की पाच लाख द्या, काम करून देतो, पोरगा लागला नाही तर पैसे परत. आमचे मालक म्हणतात, ओढ्याकाठचे वीस गुंठे गहाण टाकू. मला रात्रीची झोप येत नाही. काय करावे ते सांगा.”

माझे खाते शेतीचे, फौजेचे नाही. पण गहाण पडणार ती जमीन आहे, तेव्हा विषय माझ्या खात्यात येतोच. शिवाय गावोगाव फिरताना हीच गोष्ट मी अनेक ओट्यांवर ऐकली आहे. कुठे पाच लाख, कुठे आठ, कुठे नुसता “साहेबांचा खर्च”. म्हणून आज बी-बियाणे बाजूला ठेवू आणि भरतीतल्या खऱ्या-खोट्याबद्दल बोलू.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. एक रुपयाही देऊ नका. वीस गुंठे जिथे आहेत तिथेच राहू द्या.

दलालाचे गणित

“लागला नाही तर पैसे परत” हे वाक्य ऐकले की माणूस विरघळतो. वाटते, यात आपले काय जाते? पण हे गणित पाटीवर मांडून बघा. दलालाने दहा पोरांच्या बापांकडून पाच-पाच लाख घेतले. झाले पन्नास लाख. मग त्याने काय केले? काहीच नाही. घरी बसला. दहा पोरे आपापल्या पायांनी धावली, आपापल्या डोक्याने पेपर सोडवला. दहातली दोन आपल्या हिमतीवर लागली. दलालाने त्या दोघांचे दहा लाख ठेवले आणि बाकीच्या आठांचे चाळीस लाख सहा-आठ महिन्यांनी, चार हेलपाटे घालायला लावून, परत केले. तेवढे दिवस पन्नास लाख त्याने फिरवले ते वेगळेच. वर ही आठ घरे गावात सांगत फिरतात, “माणूस शब्दाचा पक्का हो, पै न् पै परत दिली!” म्हणजे त्याची जाहिरातही फुकटात झाली.

कोंबडा आरवला म्हणून तांबडे फुटले, असे सांगून कोंबड्याने गावाकडून दाणे वसूल करावेत, तसा हा प्रकार. तांबडे फुटणारच होते. तुमचा पोरगा लागणारच असेल, तर तो दलालामुळे लागत नाही.

हा झाला त्यातल्या त्यात सभ्य दलाल. दुसरी जात पैसे परत करतच नाही. ती आधी मुलाची दहावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेते, कोऱ्या धनादेशावर सही घेते आणि बापाने तोंड उघडले की तेच कागद पुढे करते. मूळ कागद अडकले की पोराच्या पुढच्या सगळ्या वाटा बंद होतात. पोलीस भरती नाही, कॉलेज नाही, बँकेचे कर्जसुद्धा नाही.

काही शहाणे लोक म्हणतात, “आम्ही मुद्रांकावर लिहून घेतले आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत.” त्यांनी हे नीट ऐकावे. आपल्या देशात १८७२ सालचा करार कायदा आहे. त्याच्या २३व्या कलमात बेकायदा कराराची उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यांत एक उदाहरण अगदी हेच आहे. एकाने दुसऱ्याला सरकारी नोकरी लावून देण्याचे कबूल केले, दुसऱ्याने त्याबद्दल एक हजार रुपये देण्याचे कबूल केले, तर तो करार रद्दबातल. दीडशे वर्षांपूर्वी हजार रुपये भाव होता, आज पाच लाख आहे, एवढाच फरक. तेव्हा तो मुद्रांक चुलीत घालायच्या लायकीचा. उलट त्या कागदावर तुमचीच सही असते, की आम्ही नोकरीसाठी पैसे दिले.

आणि पैसे देणारा निर्दोष नसतो. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा २०१८ साली बदलला. तेव्हापासून लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मध्ये तिसरा माणूस घातला म्हणून सुटका होत नाही. मात्र कोणी तुम्हाला अडवून, भाग पाडून पैसे घेतले असतील आणि तुम्ही सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार धरत नाही. सात दिवस हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. महाराष्ट्रात लाचलुचपत खात्याला कळवायचा दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे. फसवणूक झाली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. लाज वाटून गप्प बसलात, तर तोच माणूस पुढच्या गावात जातो.

कोणी म्हणेल, साहेब, आतून वशिले चालतात, तुम्हाला काय माहीत? मी असे म्हणत नाही की कधीच काही घडले नाही. घडले आहे आणि उघडकीसही आले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सैन्यभरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे ठाणे पोलिसांनी पकडले. पुणे, नागपूर, गोवा अशा ठिकाणी छापे पडले, शेकडो पोरे ताब्यात घेतली गेली, काही केंद्रांवरची परीक्षा रद्द झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा पेपर फुटला. पुण्यात अटका झाल्या, त्यांत लष्करातलेच लोकही निघाले, आणि साऱ्या देशातली २८ फेब्रुवारीची परीक्षा रद्द करावी लागली. आता विचार करा, यात नुकसान कोणाचे झाले? ज्याने पैसे दिले त्याचे गेलेच, पण ज्याने रात्र-रात्र अभ्यास केला त्या गरिबाच्या पोराचीही परीक्षा गेली. एका शेतात तण माजू दिले की बी वाऱ्याने शेजारच्या शेतात जाते, तसे हे आहे.

२०२२ साली तर उत्तरेकडचा एक प्रकार वर्तमानपत्रांत आला. एका तरुणाला बनावट नेमणूकपत्र दिले, गणवेश दिला, ओळखपत्र दिले आणि पठाणकोटच्या छावणीत त्याच्याकडून चार महिने काम करून घेतले. दर महिन्याला पगार म्हणून काही हजार रुपयेही त्याच्या हाती पडत. बिचाऱ्याला वाटले आपण शिपाई झालो. पैसे त्याचेच, त्यातलेच थोडे त्याला पगार म्हणून परत. यापेक्षा जास्त काय सांगू?

आज भरतीची रीतही बदलली आहे. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे. २०२३ पासून आधी संगणकावर परीक्षा आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावणे, असे झाले. त्या वेळी परीक्षेचे शुल्क उमेदवाराने २५० रुपये भरायचे ठरले, बाकीचा निम्मा वाटा सैन्य उचलते. जो काही खर्च असेल तो जाहिरातीत छापलेला असतो. त्याच्या वरचा जो रुपया मागितला जातो, तो चोरीचा. २०२४ साली केंद्र सरकारने परीक्षांतले गैरप्रकार रोखण्याचा नवा कायदाही केला. त्यात पेपर फोडणाऱ्या टोळीला पाच ते दहा वर्षे कैद आणि कमीत कमी एक कोटी रुपये दंड आहे.

आता व्याजाचे बघा. २०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हा अग्निवीराचा पहिल्या वर्षाचा पगार महिना ३० हजार आणि त्यातले ३० टक्के निधीसाठी कापून हातात २१ हजार, असे जाहीर झाले. चार वर्षांनी सेवानिधी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. आता तुम्ही सावकाराकडून पाच लाख आणले शेकडा तीनने. महिन्याचे व्याज १५ हजार. पोराच्या हातात आलेल्या २१ हजारांतले १५ हजार सावकाराचे. चार वर्षांचे व्याज ७ लाख २० हजार, मुद्दल पाच लाख, एकूण १२ लाख २० हजार. म्हणजे पोराने चार वर्षे बर्फात आणि उन्हात उभे राहून मिळवलेला सारा सेवानिधी सावकाराला दिला, तरी पन्नास हजार कमीच पडतात. आणि हे सगळे पोरगा लागला तर.

नोंदणीच्या कागदावरचे प्रश्न

इथपर्यंत दलालाची अप्रामाणिकता झाली. ती आपल्याला दिसते, कारण ती दुसऱ्याची असते. आता थोडे आपल्या अंगणात बघू.

१९५० चा सेना कायदा आहे. त्याच्या १३व्या कलमात भरतीची रीत दिली आहे. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी उमेदवाराला नोकरीच्या अटी वाचून समजावून सांगायच्या. मग ताकीद द्यायची, की बाबा रे, यातल्या कोणत्याही प्रश्नाचे खोटे उत्तर दिलेस तर शिक्षेला पात्र होशील. आणि त्यानंतर ठरलेल्या कागदावरचे प्रश्न एक-एक करून विचारायचे आणि उत्तरे लिहून घ्यायची. पुढे ४४व्या कलमात म्हटले आहे, की जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे उघड झाले तर लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागेल आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. शिक्षा झाली नाही तरी नोकरी जाते ती जातेच. आणि खोटे आज पकडले नाही म्हणून जिरले असे नसते. ते दोन वर्षांनीही वर येते. पोलीस पडताळणीचा कागद गावात येतो, बोर्डाकडे गुणपत्रिका तपासायला जाते, आणि भावकीतला एखादा हितशत्रू निनावी अर्ज करायला टपलेलाच असतो.

खोटे कोणकोणते असते? पहिले वयाचे. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. आई म्हणायची, “पोळ्याच्या आसपासचा आहे,” आणि गुरुजी शाळा उघडायची तारीख लिहून मोकळे व्हायचे. ते दिवस गेले. आता दहावीच्या दाखल्यावरची तारीख तीच खरी धरतात. वय उलटून गेले म्हणून दुसऱ्या नावाने, दुसऱ्या शाळेतून पुन्हा दहावी करणारे महाभाग मी ऐकले आहेत. त्या पोराला जन्मभर दोन नावे सांभाळावी लागतात. सातबाऱ्यावर एक, पगारपत्रकावर दुसरे. वारस लावायची वेळ आली की मग तलाठ्याच्या दारात रडारड.

दुसरे खोटे लग्नाचे. अग्निवीर भरतीला अविवाहितच असावे लागते आणि चार वर्षे लग्न करता येत नाही, हे भरतीच्या जाहिरातींतच लिहिलेले असते. लग्न झाल्याचे उघड झाले तर काढून टाकतात. त्यासाठी सरपंचाचा सही-शिक्क्याचा, फोटो लावलेला दाखला मागतात. आणि इथे माझे गावकारभाऱ्यांशी भांडण आहे. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून खुर्चीच्या कप्प्यात ठेवणारे सरपंच मी पाहिले आहेत. “गरिबाचे पोर आहे, लागू दे की,” असे म्हणून ते खोटा दाखला देतात आणि वाटते, पुण्य केले. अहो, ज्या मुलीशी त्याचे लग्न लागले आहे, ती कुठे गेली? कागदोपत्री ती अस्तित्वातच नाही. उद्या त्या जवानाचे बरे-वाईट झाले, तर “मी त्याची बायको” हे सिद्ध करायला ती कोणता कागद दाखवणार? तुमच्याच शिक्क्याने तुम्ही तिला पुसून टाकलेले असते. आणि लग्नाच्या वयाआधीच लग्न लावले असेल, तर तो आणखी वेगळा गुन्हा. मुलाला फौजेत जायचे असेल तर त्याच्या डोक्याला बाशिंग बांधायची घाई करू नका, हा सरळ मार्ग.

तिसरे खोटे आजाराचे, आणि मला वाटते हे सगळ्यांत घातक. लहानपणी फिट यायची, दमा आहे, छातीत धडधडते, रात्री दिसत नाही, या गोष्टी घरचेच शिकवून लपवतात. “डॉक्टरने विचारले तर नाही म्हण.” आमच्या तालुक्यात एक निवृत्त सुभेदार आहेत. गावच्या माळावर पोरांना रोज पहाटे विनामोबदला पळवतात. ते पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात : “मैदानात खोटं बोललास तर तुझा एकट्याचा पाय मोडेल. चौकीवर खोटं निघालं तर दहा जणांची माती होईल.” चौकीवर दहा जण असतात. रात्री एक जागा असतो आणि नऊ त्याच्या भरवशावर झोपतात. त्या जागणाऱ्याला फिट आली, तर बाकीच्या नऊ घरांतल्या आयांना कोणी काय सांगायचे? गाडीच्या जोडीतला एक बैल पायाने अधू आहे हे लपवून विकणाऱ्याला आपण बाजारात नावे ठेवतो. मग इथे तर माणसांची जोडी आहे.

हेच सुभेदार गोळ्या-इंजेक्शने घेऊन धावणाऱ्या पोराला माळावर उभे करत नाहीत. दम लागू नये म्हणून काही मुले कुठल्यातरी दुकानातून सुया टोचून घेतात. असा उमेदवार सापडला तर बाद होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे हृदयावर ताण येऊन पोर जागीच कोसळू शकते. नोकरी पुढच्या वर्षी मिळेल, पोर मिळणार नाही.

चौथे, पोलीस केसचे. इथे मात्र दोष बहुतेक वेळा पोराचा नसून आपला, थोरल्या माणसांचा असतो. बांधावरून भांडण होते दोन भावांत. फिर्याद द्यायला जातो तेव्हा आपण समोरच्या घरातल्या सगळ्यांची नावे लिहून देतो. म्हातारीसुद्धा सोडत नाही. आणि मुद्दाम त्याच्या बारावीतल्या पोराचे नाव घालतो, कारण पोरगा भरतीची तयारी करतो हे ठाऊक असते. “बघू कसा लागतो!” बंधूंनो, हे पाप आहे. वीतभर बांधासाठी एका पोराचे आयुष्य कापायचे?

आणि ज्याच्यावर अशी केस झाली आहे, त्याने काय करावे? कागदावर विचारले असेल तर खरे ते लिहावे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलीस-सुरक्षा दलांसारख्या सरकारी नोकऱ्यांतल्या अशाच तक्रारींवर निकाल दिला. त्यात सांगितले, की विचारलेली माहिती खरी द्यायलाच हवी. पण किरकोळ स्वरूपाची केस असेल, तर नोकरी देणाऱ्याने सारासार विचार करून ती सोडूनही द्यावी, आणि जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही. म्हणजे खरे सांगून दार कधी कधी उघडे राहते. लपवून सापडला तर मात्र केसपेक्षा लपवणेच महागात पडते.

पेरणीआधी उगवण तपासा

आपण पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघतो. सत्तर उगवले तर पेरतो, तीस उगवले तर बी बदलतो. बियाण्याशी आपण भांडत नाही, खोटेही बोलत नाही. पोराच्या बाबतीतही दोन वर्षे पळवण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी तपासल्या, तर पुढची निराशा आणि पुढचे खोटेपण, दोन्ही टळेल.

पोराला सरळ उभे करा. घोटे जुळवले असता गुडघे एकमेकांवर घासत असतील, तर ते वैद्यकीय तपासणीत अडते. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवायला सांगा. तळव्याच्या मधली कमान उमटली नाही आणि पूर्ण पाऊल सपाट उमटले, तर सपाट तळव्याची शंका घ्या. लाल-हिरवा रंग नीट ओळखतो का बघा. पिंडरीवर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत का बघा. कानातला मळ, किडलेले दात, अंडवृद्धी, हर्निया यांवर उपचार होऊ शकतात, ते आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडून करून घ्या. आणि जत्रेत गोंदवून घ्यायची हौस असलेल्या पोरांना आत्ताच सांगा : कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला सोडून इतर ठिकाणचे गोंदण फौजेत चालत नाही. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. छातीवर वाघ काढून घ्याल तर वाघ राहील आणि भरती जाईल.

जे दोष बरे होणारे नाहीत, ते आधीच कळले तर पोराला वेळेवर दुसरी वाट धरता येते. ते लपवून त्याला चार वर्षे पळवत ठेवणे, हे आपणच त्याला फसवणे आहे. मैदानावर डॉक्टरांनी बाद केले, तर कशामुळे ते विचारून घ्या. लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागण्याची सोय असते, मात्र ती ठरलेल्या मुदतीत मागावी लागते. अनेकांना हे माहीतच नसते आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाबाहेर उभा असलेला दलाल म्हणतो, “मी आत बोलतो, पन्नास हजार द्या.” जी फेरतपासणी पोराच्या हक्काची आहे, तीच तो विकतो.

कागदांचेही तसेच. दहावीची गुणपत्रिका, आधार, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, या सगळ्यांवर पोराचे आणि आई-बापाचे नाव एकसारखे आहे का बघा. एका ठिकाणी “दत्तात्रय” आणि दुसऱ्या ठिकाणी “दत्तू” असेल, तर ते सरळ मार्गाने दुरुस्त करून घ्या. चूक असणे हा गुन्हा नाही. ब्लेडने खरवडून दुरुस्त करणे हा गुन्हा आहे. माजी सैनिकाचा मुलगा असल्याचा, एन.सी.सी.चा, खेळाचा, असे जादा गुण मिळवून देणारे दाखले बाजारात विकत मिळतात असे कानावर येते. ते घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, की दाखला देणारी संस्था ही पुढे विचारणा होताच “आम्ही दिला नाही” असे एका ओळीत कळवते.

खरेपणा दोन्ही बाजूंनी हवा

आता मी फक्त पोरांनाच उपदेश केला, असे कोणी म्हणू नये. कायद्याच्या १३व्या कलमात पहिले काम कोणाचे सांगितले आहे? अधिकाऱ्याचे. अटी वाचून समजावून सांगणे. म्हणजे खरेपणाची सुरुवात सरकारने करायची आहे. कोरोनाच्या साथीत भरती अडकली, दोन वर्षे पोरे मैदान आणि वैद्यकीय तपासणी पास होऊन लेखी परीक्षेची वाट बघत बसली, आणि २०२२ साली नवी योजना आल्यावर ती अर्धवट भरती रद्द झाली. न्यायालयात ती पोरे हरली. कायद्याने ते बरोबर असेल, पण ज्यांची त्यात वये गेली त्यांच्या घरी मी बसलो आहे. त्या घरांत ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नव्हती. ज्या सरकारला खरे उत्तर हवे असते, त्याने आपला शब्दही तितकाच जपावा, एवढे म्हणण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

पण सरकारने अटी सांगितल्यावर आपण त्या ऐकतो का, हाही प्रश्न आहे. अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाच सांगितले होते, की नोकरी चार वर्षांची, त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम घेणार, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी येणार आणि त्यांना निवृत्तिवेतन नाही. हे चांगले की वाईट यावर मतभेद असू शकतात. पण पोरगा लागला की आपण सोयरिकीच्या बैठकीत काय सांगतो? “आमचा मिलिटरीत आहे, कायमचा.” मुलीचा बाप निवृत्तिवेतन धरून हिशोब करतो. चार वर्षांनी पोरगा पेटी घेऊन परत आला की त्या घरात भांडण पेटते आणि ते सोसते कोण? नुकतीच आलेली सून. तेव्हा जे आहे ते सांगा. चार वर्षे देशाची चाकरी करून, शिस्त शिकून, दहा-अकरा लाख गाठीला बांधून आलेला पोरगा काही कमी नाही. खोटे सांगून त्याची किंमत कमी करू नका. अटी वरचेवर बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या, दलालाकडून नव्हे. आणि ज्यांना मुली आहेत त्यांनीही वाचा. २०१९ पासून लष्करी पोलिसांत मुलींचीही जवान म्हणून भरती सुरू झाली आहे.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही तिथे घरटी फौजी सापडतो. असे नाव गावाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकरीने मिळते. प्रशिक्षण संपले की जवानाची कसम परेड होते. तिथे तो देशासाठी जीव देण्याची शपथ घेतो. ज्याने पहिल्याच कागदावर, पहिल्याच प्रश्नाला खोटे उत्तर दिले आहे, त्याला ती शपथ घेताना काय वाटत असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

तर बाई, तुमच्या मालकांना हा अंक वाचून दाखवा. रागावले तर व्याजाचे गणित पुन्हा एकदा वाचा. पोराला दूध-भाकर द्या, चांगले बूट घ्या, कागद एका पिशवीत नीट लावून ठेवा आणि त्याला त्याच्या पायांवर धावू द्या. लागला तर साऱ्या गावाला पेढे वाटा. नाही लागला तर ओढ्याकाठचे वीस गुंठे आपले आहेत आणि दोन वर्षे पहाटे उठायची सवय लागलेला पोरगा आहे. पाणी असलेले वीस गुंठे आणि पहाटे उठणारा माणूस यांचे काय होऊ शकते, ते सांगायला मग मी आहेच.

असो. पुढच्या अंकात हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी बोलू. तोपर्यंत पक्ष्यांना बसायला शेतात मचाणे उभी करून ठेवा.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)